डोहाळे म्हणजे नखरे नव्हेत

काल पुन्हा एका बातमीत वाचलं, कुणाला तरी म्हणे 'मंत्रिपदाचे डोहाळे' लागलेत. अशा उतावळ्यांसाठी 'गुडघ्याला बाशिंग' आहे की मराठीत. त्यात डोहाळ्यांना कशाला ओढायचं?

जुलैत माझ्या धाकट्या जावेला सातवा महिना होता. एका रात्री ती पानावर बसली आणि एकदम डोळे भरून आले. ताजा बांगडा हवा होता. आता मालवणात जुलै म्हणजे यांत्रिक होड्यांना बंदी आणि समुद्र खवळलेला. शेजारची काकी म्हणाली, "आमच्या वेळी नव्हते हो असले नखरे!" सासूबाई काही बोलल्या नाहीत. उठल्या, फळीवरचे सुके बांगडे निखाऱ्यावर भाजले, काटे काढून कुस्करले, त्यात कांदा, ओलं खोबरं, चिंचेचा कोळ. ती किसमूर तिने दोनदा मागून घेतली. रडं कुठच्या कुठे पळालं.

डोहाळा हा शब्द संस्कृत 'दोहद'वरून प्राकृतातून आपल्याकडे आला. दंशाचा डास झाला, तसाच इथेही द चा ड झाला. आणि दोहदाच्या मुळाशी काही अभ्यासकांना दिसतात ती दोन हृदयं. सुश्रुतसंहितेत तर स्पष्टच आहे: चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, म्हणून गर्भवती 'दौहृदिनी', दोन हृदयांची. तिची इच्छा ती तिची एकटीची नाहीच! पुढे कवींनी हा शब्द झाडांनाही दिला. सुंदर स्त्रीचा पाय लागावा, हा अशोकाचा दोहद, मग तो फुलतो.

इच्छा पुरवली नाही तर मूल व्यंग घेऊन येतं, असंही त्याच ग्रंथात आहे. ते मात्र सोडून द्या, पोटुशी बाईला असलं सांगून घाबरवू नका. पण माती, खडू खावासा वाटला तर डॉक्टरांना जरूर सांगा. अंगात लोह कमी असलं की पुष्कळदा तसं होतं. तिथेही 'काय हे खूळ' म्हणून तिला गप्प बसवलं, तर दुखणं अंगातच राहतं.

बंदी ३१ जुलैला संपली. पहिल्या होड्या परत यायच्या दिवशी सासरे अंधारातच पिशवी घेऊन जेटीवर जाऊन उभे राहिले होते.