माळ राखा, लांडगा राहील

अमेरिकेतल्या कोलोरॅडोत लांडगा मतपेटीतून परत आला. नोव्हेंबर २०२० मध्ये मतदारांनी जेमतेम ५७ हजार मतांच्या फरकाने कौल दिला आणि डिसेंबर २०२३ मध्ये ओरेगनमधून आणलेले दहा लांडगे रॉकी पर्वतात सोडण्यात आले. याच राज्यात विष घालून, सापळे लावून १९४०च्या दशकापर्यंत त्यांचा निर्वंश करण्यात आला होता. हो म्हणाले ते मुख्यतः डेन्व्हर-बोल्डरकडचे शहरी लोक; वासरं, मेंढ्या गेल्या त्या डोंगरापलीकडच्या पशुपालकांच्या. एका जनावरामागे १५ हजार डॉलरपर्यंत भरपाई मिळते, तरी तिकडचा राग शमलेला नाही. मी डेन्व्हरमध्येच राहते, आणि तो राग मला रास्त वाटतो.

म्हणून पुणे-सोलापूरकडच्या लांडग्यांविषयी कुणी ‘पकडा आणि अभयारण्यात सोडा’ म्हणालं की मी अस्वस्थ होते. कुठल्या अभयारण्यात? सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. लांडग्यांच्या एका टोळीला भटकायला शे-दोनशे चौरस किलोमीटर लागतात. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा दाखला हमखास दिला जातो. तिथे १९९५-९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणले हे खरं, पण ते उद्यान नऊ हजार चौरस किलोमीटरचं आहे आणि त्यात कुणाची मेंढरं चरत नाहीत.

आपला लांडगा माळावरचा. बहुतेक सगळा अभयारण्यांबाहेर, गायरानांत, पडीक रानांत, धनगरांच्या वाड्यांच्या, म्हणजे मेंढरांच्या फिरत्या तळांच्या, आसपास जगत आलेला. अमेरिकेने कोट्यवधी खर्चून जे परत आणलं, ते आपल्याकडून अजून गेलेलंच नाही! मात्र ज्या माळावर तो टिकला, त्या माळाची सरकारदरबारी नोंद ‘पडीक’ अशी. मग तिथे चर खणा, गिरिपुष्पाची रोपं लावा, प्लॉट पाडा. गवताच्या जागी झाडं आली की आपण टाळ्या वाजवतो. चिंकारा, माळढोक, लांडगा यांचं घर मोडलं हे कुणाच्या गावीही नसतं. त्यात गावाबाहेरच्या कचऱ्यावर पोसलेली मोकाट कुत्री. त्यांच्याकडून रोग येतात, आणि पुण्याजवळ तर लांडगा-कुत्र्याचा संकर जनुकीय तपासणीत सिद्ध झाला आहे. लांडग्याला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत घातलं, पण कायदा त्याला कुत्र्यापासून वाचवत नाही.

राहिला धनगर. पिढ्यान् पिढ्या त्याने मेंढरांभोवती वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण लावून, रात्र जागून, चार कोकरं गमावून लांडग्याला सोसलं. कोलोरॅडोतल्या पशुपालकाची लांडग्याची सवय मोडून ऐंशी वर्षं झाली. धनगराची मोडलेली नाही. त्याच्या मुलाने मेंढरं विकून कंपनीत नोकरी धरली, तर त्या माळावर लांडग्याचं अस्तित्व मान्य करणारं कोण उरेल? वाडा आज एका तालुक्यात, आठवड्याने दुसऱ्या. भरपाईचा पंचनामा त्याच दिवशी, तो असेल तिथे, मोबाइलवरच्या फोटोवर व्हायला हवा. आणि वन खात्याने कुठल्याही माळावर रोपं लावण्याआधी तिथे मेंढरं चारणाऱ्यांना विचारावं.