‘चालती गाडी गॅरेजवाल्यांनी बिघडवली’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला आणि आज सकाळी जॉबकार्ड समोर ठेवून पुन्हा वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आठ वर्षं उभी असलेली तुमची स्पोर्ट्स कार मित्राच्या अंगणात सेल्फ मारताच सुरू झाली होती आणि आयडलिंगही (रेस न देता उभ्या गाडीत इंजिनचं संथ चालणं) नीट होतं. आमच्याकडे आल्यावर ते वरखाली व्हायला लागलं. आम्ही स्कॅनर न लावता अंदाजाने पार्ट बदलले, तीन आठवडे घेतले, आणि एवढं करून घरी जाताना चढावर गाडीने दम टाकला.

चढावर जे झालं ती सर्वस्वी आमची चूक. त्याबद्दल मनापासून माफी मागतो. ती कशी झाली ते खाली लिहितो. बाकीच्या मुद्द्यांवर मात्र माझं म्हणणं वेगळं आहे, आणि तेही तुमच्यासमोर मांडायला हवं.

आधी स्कॅनर. तुमची गाडी 1991 ची. ओबीडी-टू, म्हणजे स्कॅनर जोडून गाडीतले दोष वाचायची ठरावीक पद्धत, अमेरिकेत सक्तीचं झालं तेच 1996 च्या मॉडेलपासून. आज बहुतेकांकडे असतो तो स्कॅनर लावायला या गाडीत सॉकेटच नाही. म्हणून मीटर, प्रेशर गेज आणि कान यांच्या भरवशावरच काम करावं लागतं. त्याला वेळ लागतो, पण तो अंदाज नव्हे.

टाकीतून निघालेलं पेट्रोल तुम्ही स्वतः पाहिलं होतंत. रंग कोऱ्या चहासारखा, वास जुन्या वार्निशचा. इतकी वर्षं उभ्या राहिलेल्या पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो, उरलेल्याचं हवेशी लागून चिकट राळेसारखं काहीतरी होतं, आणि त्यात इथेनॉल असेल तर ते हवेतलं पाणीही ओढतं. मित्राच्या अंगणात गाडी सुरू झाली ती याच पेट्रोलवर. ही राळ पेट्रोलचा फवारा मारणाऱ्या इंजेक्टरच्या तोंडाशी आणि व्हॉल्व्हच्या दांड्यांवर बसते आणि इंजिन गार झालं की धरते. आम्ही प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडलं, इंजिन आधी पान्याने हाताने फिरवलं आणि मगच कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, मोजलं. तिसऱ्या नंबरच्या सिलिंडरमध्ये ते फक्त सात बार आलं, बाकीच्या तिन्हींत साडेअकरा ते बारा. तिसऱ्यात प्लगच्या जागेतून हवा भरली तेव्हा फुसफुस थ्रॉटलच्या तोंडाशी ऐकू आली. ऑइल भरायच्या तोंडाशी आली असती तर दोष पिस्टनच्या रिंगांचा, सायलेन्सरमधून आली असती तर धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा. इथे गळत होता हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह. त्याच दिवशी हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला इंजिनचा वरचा भाग, उतरवता आलं असतं. आम्ही उतरवलं नाही. ताजं पेट्रोल आणि क्लीनर घालून इंजिन हलकेच चालवलं, आणि दोन दिवसांनी त्याच सिलिंडरने अकरा बार दाखवलं. ‘इंजिन खोललं’ असं तुम्ही लिहिलंय. प्लग आणि इंजेक्टर सोडून इंजिनचं काहीही उघडलेलं नाही.

आता ज्या गोष्टीचा तुम्हाला सगळ्यात राग आला ती, आयडलिंग. प्लग काजळीने काळे होते आणि सायलेन्सरला कच्च्या पेट्रोलचा वास होता. इंजिनचं तापमान कॉम्प्युटरला सांगणारा सेन्सर गार असताना अडीच हजार ओमच्या आसपास दाखवतो आणि इंजिन तापलं की तीनशेच्या घरात यायला हवा. तुमचा सेन्सर चांगला होता. त्याचा कनेक्टर आतून हिरवा पडला होता, आणि त्या गंजाच्या वाढीव रोधामुळे कॉम्प्युटरला इंजिन कायम गारच वाटत होतं. म्हणून तो जास्तीचं पेट्रोल सोडत राहायचा. दुसरीकडे इनटेकखालचा व्हॅक्यूमचा एक रबरी पाइप खालच्या अंगाने तडकला होता आणि तिथून जास्तीची हवा आत जात होती. जास्तीचं पेट्रोल आणि जास्तीची हवा यांनी एकमेकांना सांभाळून घेतलं होतं, म्हणून तुम्हाला आयडलिंग नीट वाटत होतं. आम्ही कनेक्टर साफ केला, पेट्रोल बरोबर प्रमाणात आलं, आणि त्याच क्षणी तडकलेला पाइप उघडा पडला. नेमके त्याच दुपारी तुम्ही आलात आणि इंजिन वरखाली होताना ऐकलंत. तुमच्या जागी मी असतो तर मलाही वाटलं असतं की यांनी बिघडवली. दुसऱ्या दिवशी इनटेकमध्ये धूर सोडला, तो त्या पाइपाखालून निघाला, पाइप बदलला आणि आयडलिंग जागेवर आलं. हे त्याच दिवशी फोन करून सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

बदललेले पार्ट: पेट्रोल पंप, फिल्टर, प्लग आणि व्हॅक्यूमचे सगळे पाइप. इंजेक्टर बदललेले नाहीत, साफ करून परत बसवलेत. पंप राळेने जाम होऊन घरघरत होता. जुने पार्ट खोक्यात नाव घालून ठेवलेत.

आणि आता आमची चूक. टाकी रिकामी केल्यावर टॉर्च लावून आत पाहिलं, तळ स्वच्छ दिसला, म्हणून टाकी खाली उतरवली नाही. आतल्या आडव्या पत्र्यामागे बारीक गंज बसला होता, तो दिसलाच नाही. पेट्रोलचं प्रेशर आयडलला अडीच बार, रेस दिल्यावर तीन. दोन्ही बरोबर. पण ही तपासणी उभ्या गाडीवर झाली, आणि रस्त्यावर आम्ही जेमतेम पाच किलोमीटर सपाटीला फिरलो. चढावर इंजिनला आयडलच्या कितीतरी पट पेट्रोल लागतं. तुम्ही निघाल्यावर हलणाऱ्या पेट्रोलबरोबर गंज पंपाच्या जाळीवर येत गेला आणि जाळी बुजली. गाडी थांबली की तो खाली बसतो, म्हणूनच दहा मिनिटांनी ती पुन्हा नीट सुरू झाली. टो करून परत आल्यावर गेजचा लांब पाइप बाहेर काढून गेज काचेवर चिकटवलं आणि मी स्वतः चालवली. अठराव्या मिनिटाला, चढावर, काटा तीनवरून दीडच्या खाली आला. ही फेरी आधीच मारायला हवी होती. आठ वर्षं उभ्या गाडीची टाकी न उतरवता ती ग्राहकाच्या हाती देणं चूकच होतं, आणि तो निर्णय माझा होता, गॅरेजमध्ये काम करणाऱ्या मुलांचा नाही.

एक आठवडा सांगून तीन लागले. पहिल्या दिवशी तो आकडा द्यायलाच नको होता.

टाकी आता उतरवून आतून धुतली आहे, जाळी नवीन आहे, आणि या कामाचं बिल होणार नाही. गाडी परवापासून रोज अर्धा तास चालवतोय, काटा हललेला नाही. गेज अजून काचेवर आहे. तुम्हाला जमेल त्या दिवशी या. स्टिअरिंगवर तुम्ही बसा, मी शेजारी बसतो, आणि त्याच चढावर जाऊन येऊ. बुजलेली जाळी बरणीत ठेवली आहे, तीही पाहा.