साठीच्या आधीच नाठी झाली तर?

परवा 'स्टिल ॲलिस' परत बघितला आणि फॅमिली ग्रुपवर दोन ओळी टाकून झोपले, सकाळी उठून बघते तर ऐंशी मेसेज. ज्यांनी बघितला नाहीये त्यांच्यासाठी सांगते, ॲलिस म्हणजे न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीतली भाषाशास्त्राची प्रोफेसर, वय 50, लेक्चर देताना शब्दच सापडेना, रोजच्याच कॅम्पसमध्ये पळायला गेली तर आपण कुठे आहोत ते कळेना, आणि निघतो अल्झायमर. ज्युलियन मूरला यासाठी 2015 मध्ये ऑस्कर मिळालं. शेवटी नवरा मिनेसोटातली नोकरी घेऊन निघून जातो, आमच्या ग्रुपला अख्ख्या सिनेमात तेवढंच दिसलं.

"आपल्याकडे कोणी बायकोला असं सोडून जात नाही," काकांनी लिहिलं. मग काय, गाडी नेहमीच्या रुळावर. वृद्धाश्रम, संस्कार, परदेशात जाऊन बसलेली मुलं.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. पण रागापेक्षा वाटलं की आपली सगळी चर्चा म्हातारे आईबाप आणि त्यांना न विचारणारी मुलं एवढ्याचीच असते. साठी बुद्धी नाठी म्हणतो म्हणजे निदान साठी तरी गृहीत धरतो ना! पन्नाशीतल्या बाईला झालं तर घराचे हप्ते चालू असतात, मुलांची शिक्षणं चालू असतात, सासूबाईंची औषधं तीच देत असते. आणि अलॉइस अल्झायमर यांनी 1901 मध्ये फ्रँकफर्टला जी पहिली पेशंट तपासली, ऑगुस्टे डेटर, ती 51 वर्षांचीच होती. म्हातारपणाचं लेबल या आजाराला नंतर चिकटलं.

इथे अमेरिकेत सगळं छान आहे असं अजिबात नाही. मेडिकेअर, म्हणजे सरकारी हेल्थ इन्शुरन्स, 65 ला, त्याआधी हवं तर अपंगत्वाचे पैसे सुरू झाल्यावर सहसा आणखी दोन वर्षं थांबा, आणि नुसतं आंघोळ घालायला, भरवायला कायमचं माणूस हवं असेल तर त्याचे पैसे मेडिकेअर देतच नाही. घरच्यांच्या आजारपणासाठी कायद्याने सुट्टी मिळते ती 12 आठवडे, तीही बिनपगारी, आणि सगळ्यांना नाहीच. हेल्थ इन्शुरन्स बहुतेकांचा नोकरीला बांधलेला. सिनेमात हे कोणी बोलत नाही पण इथे राहणाऱ्याच्या डोक्यात पहिलं तेच येतं. तरी तो नवरा मला आवडत नाहीच, ते वेगळं. आणि आईजवळ राहायला परत कोण येतं? धाकटी, नाटकात काम करणारी, जिला आई सारखी कॉलेज कॉलेज करत असते. हे ग्रुपवर एकालाही दिसलं नाही. आपल्या 'अस्तु' सिनेमातही, हाच आजार झालेल्या आणि हत्तीच्या मागे निघून गेलेल्या मोहन आगाशेंना लेकरासारखं सांभाळते ती परकी चन्नम्माच की.

ॲलिसचा आजार जनुकातून आलेला, म्हणजे प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता 50 टक्के. मोठी मुलगी टेस्ट करते, पॉझिटिव्ह, मुलगा निगेटिव्ह, धाकटी म्हणते मला कळायलाच नको. इथे 2008 च्या कायद्याने कंपनीला किंवा हेल्थ इन्शुरन्सवाल्यांना असा रिपोर्ट तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही, पण लाइफ इन्शुरन्स त्यात नाही, म्हणून इथले लोक त्यासाठी लपवतात. आपण लपवतो ते लग्नासाठी.

आमच्या आत्याला 53 व्या वर्षी सुरू झालं. दोन वर्षं सगळे टेन्शन, मेनोपॉज म्हणत राहिले, मग डॉक्टरांनी नाव सांगितलं आणि घरात ठरलं, ताईचं जमेपर्यंत बाहेर बोलायचं नाही. आत्याचा जनुकातला आहे की नाही हे कोणी तपासलंही नाही, आणि लवकर होणाऱ्या बऱ्याच जणांचा तसा नसतोही, पण नाव निघालं की स्थळ गेलंच समजा. मीही इथून व्हिडिओ कॉलवर "आत्या, मस्त दिसतेयस" म्हणत राहिले, ती हसायची आणि मागून कोणीतरी हळूच माझं नाव सांगायचं.

मागून नाव सांगणारे काकाच. ग्रुपवर ते वाक्य लिहिणारे पण तेच. 56 व्या वर्षी व्हीआरएस घेऊन घरी बसलेत, कारण बाहेर सांगितलंय पाठीचं दुखणं. मी मेडिकेअरचं एवढं मोठं उत्तर टाइप केलं होतं, पाठवलं नाही. फोन लावला तर कुजबुजत म्हणाले, नंतर कर गं, आत्ता ती जागी आहे, मी फोनवर बोललो की घरात कोण माणूस आलाय म्हणून घाबरते.