नाकाचं हाड आणि पायलटचं मेडिकल: त्या फॉरवर्डला उत्तर

बारावीचे निकाल लागले की नाशिकच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरतो. थोडक्यात तो असा: 'नाकाचं हाड वाकडं असेल तर मुलगा पायलट होऊच शकत नाही, उंचावर कानाचा पडदा फाटतो. म्हणून दहावी-बारावीतच ऑपरेशन उरकून घ्या. ऑपरेशन झाल्याचं मेडिकलला सांगू नका, कळलं तर कायमचं अनफिट. ऑपरेशन नको असेल तर नाकात तेल सोडा, तीन महिन्यांत हाड सरळ होतं.'

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे. नाशिकजवळ ओझरला सुखोई लढाऊ विमानं बनतात, नाशिकच्याच गांधीनगरला लष्कराचे वैमानिक तयार होतात. अशा शहरात उडण्याचं स्वप्न पाहणारी मुलं भरपूर, आणि हा मजकूर दाखवून 'सुट्टीतच करून टाकू का?' असं विचारणारे पालकही भरपूर. यात मुलांचं नुकसान होतं, म्हणून लिहितो.

'हाड वाकडं म्हणजे पायलट होता येत नाही'

लोक ज्याला 'नाकाचं हाड' म्हणतात तो दोन नाकपुड्यांमधला पडदा पुढे कूर्चेचा (मऊ, लवचिक हाडाचा) आणि मागे पातळ हाडांचा असतो. तो अगदी सरळ असलेली माणसं थोडी. सायनसचा सीटी स्कॅन केला की रिपोर्टात 'पडदा डावीकडे झुकलेला' असं वाक्य येतं आणि घरात चिंता सुरू होते. पण मेडिकलमध्ये पडद्याचा आकार नव्हे, नाकातून हवा नीट जाते का, हे पाहतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १ मधली अट अशी: नाकात अडथळा नसावा, आणि कान व घसा जोडणाऱ्या नळीच्या कामात लक्षणीय बिघाड नसावा. आपलं डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, मेडिकल याच चौकटीवर उभं आहे. हवाई दलातही श्वास अडवणारा ठळक वाकडेपणा हेच नाकारण्याचं कारण. श्वास मोकळा असेल, तर किंचित झुकाव चालतो.

तपासणीही साधी असते. नाकात उजेड टाकून पाहतात, नाकाखाली धातूची थंड पट्टी धरून दोन्ही बाजूंना वाफ किती धरते ते बघतात, नाक-तोंड बंद करून हवा दाबायला सांगतात आणि कानाचा पडदा हलतो का ते पाहतात. 'एकच नाकपुडी चालते' या तक्रारीबद्दलही सांगायला हवं. निरोगी माणसाच्या नाकपुड्या काही तासांनी आळीपाळीने जड आणि मोकळ्या होतात. बाजू बदलत असेल तर तो पडद्याचा दोष नाही. कायम तीच बाजू बंद राहत असेल तर मात्र दाखवा.

'उंचावर कानाचा पडदा फाटतो'

कानाच्या पडद्यामागे हवेची छोटी पोकळी असते. विमान चढताना तिथली हवा फुगते आणि कान व घसा जोडणाऱ्या नळीतून आपोआप बाहेर पडते. त्रास होतो तो उतरताना: बाहेरचा दाब वाढतो, हवा परत आत घ्यावी लागते, आणि त्यासाठी गिळून किंवा जांभई देऊन नळी उघडावी लागते. कसारा घाट उतरताना कानाला दडे बसतात ते याच कारणाने. जमिनीजवळ दाब जास्त वेगाने बदलतो, म्हणून कमी उंचीवरच्या प्रशिक्षण विमानातही कान जपावे लागतात.

पण नळी सुजते ती मुख्यतः सर्दीने, अ‍ॅलर्जीने, सायनसच्या संसर्गाने. नाकाचा पडदा सरळ असलेल्या पायलटनेही सर्दी असताना उडू नये, आणि झोप आणणाऱ्या सर्दीच्या गोळ्या घेऊन तर नाहीच. नाकाचा पडदा थोडा वाकडा, पण नळी नीट उघडते, अशा मुलाला कानाचा वेगळा धोका नाही. माझ्याकडे येणाऱ्या पुष्कळ मुलांचा खरा प्रश्न धुळीची अ‍ॅलर्जी असतो. शिवाय दुकानातून आणलेले नाक मोकळं करणारे थेंब महिनोन्‌महिने टाकले की त्यांनीच नाक जास्त चोंदतं.

'आधीच ऑपरेशन, आणि सांगायचं नाही'

मला सगळ्यात जास्त राग या मुद्द्याचा येतो. पंधरा वर्षांच्या मुलाचं नाक अजून वाढतंय. श्वास खरोखर कोंडत नसेल तर वाढ पूर्ण होईपर्यंत थांबणं हा सर्वसाधारण नियम आहे. ऑपरेशन नाकाच्या आतून होतं, बाहेर व्रण राहत नाही, बहुतेकांचं चांगलं होतं. तरी रक्त साकळणं, आत चिकटणं, क्वचित पडद्याला भोक पडणं हे धोके आहेत. भोक मोठं असेल तर नाकात खपल्या धरतात, रक्त येतं, आणि हवाई दलात तेच नाकारण्याचं कारण ठरू शकतं. त्रास नसताना केलेलं ऑपरेशन मुलाला नको तिथे नेऊ शकतं ते असं.

उलट, खरी गरज असताना केलेलं ऑपरेशन दार बंद करत नाही. जखम भरेपर्यंत मुलगा तात्पुरता अनफिट ठरेल, नंतर पुन्हा तपासणी होईल. थोडा झुकाव उरला तरी हवेचा मार्ग पुरेसा असेल तर हवाई दलही स्वीकारतं. मग लपवायचं कशासाठी? मेडिकलच्या फॉर्मवर पूर्वीच्या शस्त्रक्रिया विचारतात, खाली मुलाची सही असते. खोटी माहिती उघड झाली की प्रश्न नाकाचा राहत नाही, परवान्याचा होतो. ऑपरेशनचे कागद फाइलला लावा आणि तोंडाने सांगा.

'तेलाने हाड सरळ होतं'

होत नाही. तेलाने कोरडेपणा कमी वाटेल, कूर्चा आणि हाड जागचं हलत नाही.

मग करायचं काय? बाजू न बदलणारी अडचण, घोरणं, वारंवार सायनस, उतरताना कान दुखणं, यांपैकी काही असेल तर आधी अ‍ॅलर्जीचा उपचार नीट करून पाहा. तरीही अडचण राहिली तर ऑपरेशनचा विचार करा. काहीच त्रास नसेल तर स्कॅनचा रिपोर्ट बाजूला ठेवा. आणि फ्लाइंग स्कूलची लाखोंची फी भरण्याआधी डीजीसीएचं क्लास २ (शिकाऊ पायलटसाठीचं) आणि जमल्यास क्लास १ (व्यावसायिक पायलटसाठीचं) मेडिकल करून घ्या, म्हणजे नाकाबद्दल जे काही असेल ते पैसे अडकण्याआधीच कळेल.