एआय डिटेक्टरच्या आकड्यावर शून्य देऊ नका

ठाणे, कळवा, ऐरोलीकडच्या शिक्षकांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय: मुलांचा प्रकल्प एआय डिटेक्टरमध्ये (मजकूर एआयने लिहिला असण्याची टक्केवारी सांगणाऱ्या साइटवर) टाका, तो ९९ टक्के अचूक आहे, ५०च्या वर आकडा आला की सरळ शून्य द्या. शंका असेल तर चॅटजीपीटीलाच विचारा, 'हे तू लिहिलंस का?' सगळं फुकट, शिवाय वेळ वाचतो. अकरावी-बारावीत शिकवणारी म्हणून मला याला उत्तर द्यावंसं वाटतं, कारण हा सल्ला कुठल्या तरी मुलाच्या गुणपत्रिकेवर उतरणार आहे.

आधी ते '९९ टक्के'. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच जानेवारी २०२३ मध्ये असा डिटेक्टर काढला होता. कंपनीच्याच चाचणीत त्याला एआयचा फक्त २६ टक्के मजकूर ओळखता आला, आणि माणसांनी लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर त्याने एआयचा शिक्का मारला. जुलैमध्ये, अचूकता कमी म्हणून, तो बंद झाला. नंतरची साधनं सुधारली असतील. तरी १ टक्का चूक म्हणजे किती, ते बघा. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने हिशेब केला: वर्षाला ७५,००० निबंध, म्हणजे ७५० जणांवर खोटा आळ. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी टर्निटिन या कॉपी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरचा एआय डिटेक्टर बंदच केला. आपल्याकडे ८० मुलांच्या ५ तुकड्या धरल्या तर ४ निरपराध मुलं. त्यांच्या पालकांना काय सांगणार? साइटने सांगितलं म्हणून?

यापेक्षा गंभीर प्रश्न म्हणजे या जाळ्यात नेमकं कोण सापडतं. मजकूर कोणी लिहिला हे डिटेक्टरला कळत नाही. पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो आणि वाक्यं किती एकसारखी आहेत, एवढंच तो प्रामुख्याने मोजतो. साधे शब्द, आखूड वाक्यं, पुस्तकी वळण दिसलं की 'यंत्र' म्हणतो. आता दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून अकरावीत पहिल्यांदा इंग्रजीत प्रकल्प लिहिणारं मूल आठवा. ते असंच लिहितं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे ९१ निबंध ७ डिटेक्टरांना दिले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी लिहिलेले हे निबंध. सरासरी ६१ टक्के निबंध एआयचे ठरले. अमेरिकन आठवीतल्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे बरोबर ओळखले गेले.

आमच्याकडे पर्यावरणाच्या प्रकल्पात एका मुलीने ठाणे खाडी घेतली होती. 'मँग्रोव्हज आर व्हेरी इम्पॉर्टंट. दे प्रोटेक्ट द कोस्ट.' सगळी पानं अशीच. एका सहकाऱ्याने ती डिटेक्टरमध्ये टाकली, तर निकाल आला 'एआय'. मी तिला बोलावून खाडीबद्दल विचारलं. आधी गप्प होती, मग बोलायला लागली. ऐरोलीहून फ्लेमिंगो बघायला बोट निघते ती भरतीची वेळ बघून. विटाव्याचा मामा खाडीत जाळं टाकतो. त्याच्या लहानपणी चिखलात निवट्या (चिखलातले छोटे मासे) हाताने धरता यायच्या, आता शोधाव्या लागतात. हे लिहिलं का नाहीस? "मॅडम, घरचं असं प्रकल्पात चालतं का?" तिला शून्याची नाही, 'चालतं' हे सांगणाऱ्या शिक्षकाची गरज होती. पुढच्या मसुद्यात मामा आला, इंग्रजी मोडकं असलं तरी तिचं होतं.

चॅटजीपीटीलाच विचारा, हा सल्ला तर सोडूनच द्या. आपण काय काय लिहिलं याची नोंदवही त्याच्याकडे नसते. 'हो' काय नि 'नाही' काय, दोन्ही तितक्याच ठामपणे सांगतो. मे २०२३ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम-कॉमर्स विद्यापीठात एका प्राध्यापकाने असंच विचारून वर्गाचे निबंध नापास ठरवले. काही मुलांच्या पदव्या अडकल्या आणि विद्यापीठाला चौकशी करावी लागली.

फुकटचंही तसंच. मुलाचं नाव, हजेरी क्रमांक, घरची माहिती असलेला प्रकल्प अनोळखी साइटवर चढवायला आपल्याला परवानगी कोणी दिली? २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. अकरावीचा जवळजवळ आख्खा वर्ग त्यात येतो.

राहिला वेळ. मुलं एआय वापरतात, सर्रास वापरतात, आणि काही जण तर तो मजकूर 'माणसासारखा' करून देणाऱ्या साइटवरून फिरवून आणतात. म्हणजे हुशारीने कॉपी करणारा सुटतो आणि साधं लिहिणारा अडकतो. ८० मुलांशी प्रत्येकी ५ मिनिटं बोलायचं तर जवळजवळ पावणेसात तास लागतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून पहिला मसुदा वर्गातच, दोन तासिकांत, हाताने लिहून घ्या आणि त्यावर तारीख-सही करा. अंतिम प्रकल्प त्याच्याशी अजिबात जुळत नसेल त्यालाच तोंडीला बसवा: ही माहिती कुठे मिळाली, हा परिच्छेद का ठेवला, खाडीवर कधी गेला होतास. स्वतः न लिहिणारा बहुधा दुसऱ्या प्रश्नालाच अडखळतो, आणि शून्य द्यायचंच झालं तर आपल्या हातात त्याची उत्तरं असतात.