पोराचा मार आणि ‘कंपनीचा काय संबंध?’

एचआरवाल्यांच्या आणि युनियनवाल्यांच्या, दोन्हीकडच्या ग्रुपांवर सध्या एकच मेसेज फिरतोय. एरवी या मंडळींचं कॅन्टीनच्या चहावरही एकमत होत नाही, म्हणून लक्ष गेलं. मेसेज असा: ‘पोरं आईबापावर हात टाकतात ही संस्कारांची फळं, ज्याची त्याने भोगावीत. कंपनी पगार देते, पालकत्व घेत नाही. घरची भांडणं गेटबाहेर ठेवावीत. कायद्यातही हे बसत नाही, कायदा फक्त नवरा आणि सासरच्यांसाठी. आणि एकदा कंपनीने लक्ष घातलं की उद्या जो तो हेच कारण सांगून रजा मागेल.’ खाली जोडलेले हात आणि ‘पटलं तर पुढे पाठवा’.

मी एका कारखान्याच्या आस्थापना विभागात काम करते. हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांत माझ्या ओळखीची, चांगली माणसं आहेत. म्हणून एकेक वाक्य घेऊन बोलते.

‘घरची भांडणं गेटबाहेर ठेवावीत.’

गेटबाहेरच तर उभा असतो तो. पगाराच्या दिवशी, गाडी स्टँडला लावून. सिक्युरिटीवाले त्याला ‘मावशींचा मुलगा’ म्हणून ओळखतात, पाणीसुद्धा देतात. पॅकिंगला असलेल्या एका बाईंचं सांगते, ओळख पटू नये म्हणून दोन गोष्टी बदलून. एटीएम कार्ड मुलाकडे. पगार जमा झाल्याचा बँकेचा मेसेजही मुलाच्याच मोबाइलवर, कारण खातं उघडताना फॉर्म त्याने भरला आणि नंबर स्वतःचा टाकला. बाईंना महिन्याचा पगार झाला हे मुलाकडून कळायचं, तेही त्याला कळवावंसं वाटलं तर. शिफ्टमध्ये मोबाइल लॉकरला ठेवायचा नियम, म्हणून तो टाइम ऑफिसच्या फोनवर फोन करायचा: ‘आईला द्या, अर्जंट आहे.’ अर्जंट म्हणजे ‘पतपेढीतून कर्ज काढ, नाहीतर संध्याकाळी बघतो.’ त्या कर्जाचा अर्ज टेबलावर आला तेव्हा अक्षर मुलाचं आणि सही तेवढी बाईंची होती. एकदा त्यांनी हळूच विचारलं, ‘मॅडम, ओव्हरटाइमचे पैसे स्लिपवर न दाखवता देता येतील का?’ नाही देता येत. पण हा प्रश्न माणूस कधी विचारतो, ते मेसेज लिहिणाऱ्याने जरा डोक्यात घ्यावं.

घरात कोणी कसं वागावं हे कंपनी ठरवू शकत नाही, मान्य. पण गेट, फोन, पगार आणि कागद या चार गोष्टी पुरत्या कंपनीच्या हातात असतात, आणि पोराचा हात आईपर्यंत पोचतो तो बऱ्याचदा याच चार वाटांनी. कंपनीकडून मागणं आहे ते एवढ्यापुरतंच.

गेटचं सोपं आहे. पगाराच्या दिवशी बाईंना दुसऱ्या गेटने सोडा, कंपनीच्या बसमध्ये बसवून द्या, आणि ‘मावशींचा मुलगा’ आला तर आत कळवायचं, त्याला काही सांगायचं नाही, एवढी सूचना सिक्युरिटीला द्या. शिफ्ट कोणती, सुट्टी कधी, आज आल्या का, हे फोनवर कोणालाही सांगू नये. मुलगा म्हणवणाऱ्यालासुद्धा.

पगाराचं थोडं किचकट. कामगाराने लेखी दिलं की पगाराचं खातं बदलता येतं. नव्या खात्याला तिचा स्वतःचा नंबर हवा. आणि पीएफ विसरू नका. केवायसी पूर्ण असेल तर ऑनलाइन ॲडव्हान्सचा दावा मंजुरीसाठी कंपनीकडे येतच नाही. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर जातो, आणि आधारला नंबर कोणाचा? बहुतेक घरांत ‘नेटवरचं सगळं’ ज्याच्याकडे असतं त्या पोराचा. म्हणजे आईचा पीएफ आईला न विचारता निघू शकतो आणि आम्हाला पत्ताही लागत नाही. आधारचा नंबर केंद्रावर बदलून घ्यायचा तर दिवसाच जावं लागतं. अर्ध्या दिवसाची सवलत आणि सोबत एक माणूस, इतक्याने हे काम होतं.

‘कंपनी पगार देते, पालकत्व घेत नाही.’

पालकत्व कोणी मागितलेलं नाही. पण कामगाराच्या कल्याणाचा आणि मालकाचा संबंध काय, हा प्रश्न देशाने फार पूर्वी सोडवला आहे. 1948 च्या कारखाने कायद्याच्या कलम 49 ने 500 किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं बंधनकारक केलं. त्या पदाच्या नावातलं कल्याण म्हणजे दिवाळीचा मिठाईचा पुडा नव्हे.

जिथे नोकरीच वारसाला मिळते तिथे तर ‘संबंध नाही’ म्हणण्याची सोयच नाही. महापालिकांच्या सफाई कामगारांना लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे वारसाहक्काने नोकरीची सोय आहे. ती रास्तच आहे, पिढ्यान्‌पिढ्या त्या कामात अडकलेल्यांसाठीची आहे. पण तीच सोय काही घरांत आईच्या किंवा बापाच्या मानेवर येते: ‘तू राजीनामा दे, मला लागू दे.’ स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज आला की त्या माणसाला एकट्याला आत बोलवावं, वारसदाराला बाहेर बसवावं, दार लावून विचारावं की हे तुमच्या मनाने आहे का. एवढं करायला शासन निर्णय लागत नाही.

‘कायद्यात बसत नाही.’

हे वाक्य सपशेल खोटं आहे, आणि सर्वांत जास्त नुकसान तेच करतं.

2005 चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा फक्त सुनेसाठी नाही. एका घरात राहिलेल्या, रक्ताच्या नात्यातल्या बाईलाही तो लागू आहे, म्हणजे आईलाही. आधी त्यात तक्रार ‘प्रौढ पुरुषा’विरुद्ध असावी असं होतं. ऑक्टोबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते शब्द काढून टाकले. प्रकरण मुंबईचंच होतं, आणि तक्रारदारांत एक आई होती, मुलाविरुद्ध. सोळा-सतरा वर्षांचा मुलगाही घरातल्या हिंसेत सामील असू शकतो, हे न्यायालयाने त्या निकालात बोलून दाखवलं. पैसे हिसकावणं, पगार काढून घेणं हा या कायद्यात आर्थिक छळ आहे.

आता कलम 18 वाचा. त्यातल्या संरक्षण आदेशात न्यायाधीश छळणाऱ्याला पीडित बाईच्या कामाच्या ठिकाणी यायला मनाई करू शकतात आणि फोन करायलाही. म्हणजे कायदा करणाऱ्यांना 2005 मध्येच दिसत होतं की मारणारा कामाच्या जागेपर्यंत येतो. असा आदेश झाला तर त्याची प्रत सिक्युरिटीच्या केबिनमध्ये हवी. नाहीतर कागदाचा उपयोग काय? आणि कलम 4 प्रमाणे असं काही घडतंय असं वाटण्यास कारण असलेली कोणतीही व्यक्ती या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. सद्‌भावनेने कळवलं तर तिच्यावर बालंट येत नाही. अर्थात बाईंना न विचारता कळवू नये, ते पुढे येतंच.

बापाचं काय? हा कायदा पुरुषाला पीडित मानत नाही. पन्नाशीचा फिटर, मुलाने पाना फेकून मारलेला, मेडिकल रूममध्ये ‘मशीनवर लागलं’ असं लिहून जातो. त्याच्यासाठी भारतीय न्याय संहितेची साधी कलमं आहेत: दुखापतीचं 115, खंडणीचं 308, धमकीचं 351. 2007 चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा कायदाही लोक सांगतात. पण त्यात ज्येष्ठ म्हणजे 60 पूर्ण, आणि निर्वाह भत्ता मिळतो तो स्वतःच्या कमाईवर भागत नसेल तर. नोकरीतला माणूस सहसा दोन्हींत बसत नाही. सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं घर, सांभाळलं नाही तर परत मिळवायची कलम 23 ची सोयसुद्धा ज्येष्ठाने केलेल्या हस्तांतरणालाच आहे. म्हणून निवृत्तीआधीच्या मार्गदर्शनात म्युच्युअल फंडावर तासभर घालवता, तिथे ‘घर आत्ताच पोराच्या नावावर करू नका’ हे एक वाक्य घाला.

एक बारीक गोष्ट: हे प्रकरण पॉशच्या समितीकडे ढकलू नका. ती समिती लैंगिक छळासाठी आहे, याच्यासाठी नाही.

‘संस्कारांची फळं.’

यावर फार लिहिणार नाही. दारू, एमडीची नशा, ऑनलाइन पत्त्यांत बुडालेले पैसे, उपचार न झालेला मानसिक आजार, लहानपणी बापाला आईवर हात उचलताना पाहणं, यांतलं काय कुठल्या घरात आहे ते बाहेरून कळत नाही. आणि कळलं तरी मार खाणारीला तो पचवायला सांगता येत नाही. या वाक्याने एक मात्र होतं. आपल्याला काय म्हणतील ते ठाऊक असल्याने आई बोलत नाही. नवऱ्याने मारलं तर बाई मैत्रिणीजवळ तरी रडते. मुलाने मारलं तर जिन्यावरून पडले म्हणते.

आणि बोलली तर तिचं म्हणणं काय असतं? ‘त्याला आत नका टाकू, फक्त थांबवा.’ हे समजून न घेता मदत केली की काय होतं तेही पाहिलंय. एका मॅनेजरसाहेबांनी भल्या मनाने मुलाला केबिनमध्ये बोलावून झाप झाप झापलं. मुलगा मान खाली घालून ‘हो सर’ म्हणत राहिला. त्या संध्याकाळी त्याने त्याचा हिशेब बाईंच्या अंगावर चुकता केला आणि पुढे कित्येक दिवस त्या कामावर आल्या नाहीत. साहेबांना वाटलं मिटलं.

तर समज द्यायला जाऊ नका. ऐका, आणि पुढचा रस्ता तिला निवडू द्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलतात, आणि मुलाच्या व्यसनाबद्दल किंवा आजाराबद्दल आईनेही तिथे विचारलेलं चालतं. बाईंसाठी 181, अठराच्या आतल्या मुलाबद्दल 1098, साठीच्या पुढच्यांना 14567, अंगावर आलंच तर 112. पोलीस स्टेशनची भीती वाटत असेल तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबई पोलिसांबरोबर सुरू केलेले आणि नंतर राज्यभर पसरलेले महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष आहेत. तिथे समोर वर्दी नसते, समाजकार्यकर्ती असते. हे नंबर नोटीस बोर्डावर लावले की लोक तिथे थांबून वाचत नाहीत, कोणीतरी बघेल म्हणून. लेडीज टॉयलेटच्या दाराला आतून लावा. जेन्ट्सच्याही.

‘जो तो रजा मागेल.’

ऑस्ट्रेलियात 1 फेब्रुवारी 2023 पासून कौटुंबिक हिंसेसाठी वर्षाला 10 दिवस भरपगारी रजा कायद्याने आहे (छोट्या व्यवसायांना ऑगस्टपासून), आणि छळणाऱ्या जवळच्या नातेवाइकांत पोटचं मूलही येतं. तिकडचे कारखाने बंद पडलेले नाहीत. मला त्या कायद्यातली आवडलेली गोष्ट वेगळीच: ही रजा पगाराच्या स्लिपवर त्या नावाने दाखवायची नाही असा नियम आहे. स्लिप घरी कोण वाचतं हे तिथल्या कोणाला तरी माहीत होतं.

आपल्याकडे अशी रजा नाही. तरी खोटं कारण सांगायचं झालं तर लोकांकडे ताप आहे, मावशीचं लग्न आहे, गावची जत्रा आहे. ‘पोरगा मला मारतो’ हे कारण अर्ध्या दिवसाच्या रजेसाठी कोणी बनवून सांगत नाही. उलट रजा नसते तेव्हा ती माणसं गैरहजर लागतात, मेमो खातात, चौकशीत गप्प बसतात आणि शेवटी कामावरून कमी होतात. तेव्हा विनाकारण वारंवार गैरहजर असलेल्याला मेमो काढण्याआधी एकट्याला बोलावून विचारायचं.

आणि उद्या ऑफिसला गेलात की एक फाइल उघडा. भरतीच्या फॉर्मवर ‘आणीबाणीत कोणाला कळवावे’ असा रकाना असतो. तिथे कित्येकांनी मुलाचं नाव आणि नंबर दिलाय, वर्षांपूर्वी, पोरगा शाळेत असताना. बाई चक्कर येऊन पडल्या, हातावर वळ दिसले, तर आपला माणूस पहिला फोन त्याच नंबरवर लावणार आहे. तो रकाना दर वर्षी नव्याने भरून घ्या, सगळ्यांचाच, म्हणजे कोणा एकीला वेगळं पडायला नको.