ऑपरेशननंतरच्या चौथ्या रात्रीबद्दल

आज माझ्या टॉप सर्जरीला पाच महिने झाले. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगतो: मी ट्रान्स पुरुष आहे आणि स्तन काढून छाती सपाट करण्याची शस्त्रक्रिया मी करून घेतली. तेव्हा टाकलेल्या पोस्टवर तुम्ही सगळ्यांनी भरभरून अभिनंदन केलंत, ते सगळं मी जपून ठेवलंय. त्या पोस्टमधला माझा हसरा फोटो ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीचा आहे. चौथ्या रात्रीचा फोटो नाही. त्या रात्रीबद्दल लिहायचं मी पाच महिने टाळत आलोय.

पुण्यातली माझी भाड्याची खोली. पाठीला चार उशा लावून मी अर्धवट बसून झोपलेलो, कारण आडवं होता येत नव्हतं आणि कुशीवर तर नाहीच. दोन्ही बगलांखालून ड्रेनच्या नळ्या निघालेल्या, त्यांच्या टोकाला लालसर पाणी साठवणारे प्लास्टिकचे डबे. अंगात घट्ट कॉम्प्रेशन वेस्ट. पावणेतीनला जाग आली ती छाती आवळल्यासारखी होऊन. धडधड कानात ऐकू येत होती, तळहात घामेजलेले, आणि डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: काय करून बसलो मी हे!

आई खाली गादीवर झोपली होती. तिला जाग आली. ‘काय होतंय? दुखतंय?’ मी म्हटलं, ‘नाही, पाणी हवंय.’

खोटं बोललो. भीती वाटतेय हे मला सांगताच येईना. का येईना, ते नंतर बरेच दिवस विचार केल्यावर कळलं. या ऑपरेशनपर्यंत पोचायला मी सात वर्षं फक्त खात्री दाखवत आलो होतो. ऑपरेशनला लागणाऱ्या, मानसोपचारतज्ज्ञांच्या दोन पत्रांसाठी खात्री दाखवली. सर्जनसमोर दाखवली. मामासमोर, ऑफिसात, बहिणीच्या सासरी दाखवली. ‘नक्की ना? विचार केलायस ना? नंतर परत फिरता येणार नाही.’ प्रत्येक वेळी माझं उत्तर एकच, हो. जरा जरी चाचरलो असतो तरी पत्र लांबलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे घाबरायला परवानगी नव्हतीच. आणि आता ऑपरेशन झाल्यावर घाबरलो असं म्हटलं, तर ऐकणाऱ्याच्या कानावर ‘पस्तावलो’ असंच पडणार, ‘बघ, आम्ही सांगत होतो’ असंच उत्तर येणार.

डिस्चार्जच्या दिवशी एका तरुण डॉक्टरला मी हळूच म्हणालो होतो, ‘मला फार अस्वस्थ वाटतंय.’ तो फाइलमधून मान वर न करता म्हणाला, ‘आता घाबरून काय उपयोग? तुम्हीच तर मागितलं होतं.’ हॉस्पिटलचं नाव घेत नाही, बाकी काळजी त्यांनी चांगली घेतली. पण ते वाक्य मी घरी घेऊन आलो आणि चौथ्या रात्री ते माझ्याशेजारीच होतं.

सहाव्या दिवशी दुपारी मात्र बांध फुटला. आई ड्रेन मोजत होती. दिवसातून दोनदा डबा रिकामा करायचा आणि किती मिलिलिटर निघालं ते लिहून ठेवायचं. माझ्या सर्जनचा नियम असा की सलग दोन दिवस २४ तासांत ३० मिलिलिटरच्या खाली आलं की नळी काढायची. आईने त्यासाठी वेगळी वही केलीच नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयवर, जिथे ती दुधाचा हिशोब लिहिते, त्याच चौकटीत: दूध १ लि., उजवा ४५, डावा ३०. ते वाचता वाचता मला रडू कोसळलं आणि मी बोलून गेलो, ‘आई, मला फार भीती वाटतेय. मी चुकलो का काय कळत नाही.’

ती हात धुऊन आली, बसली. म्हणाली, ‘माझी पिशवी काढली तेव्हा मी पण असंच रडत होते. दहा-बारा दिवस. त्रास होता म्हणून काढली, माझ्या मनानं काढली, तरी रात्री दचकून उठायचे. वाटायचं, अंगातलं काहीतरी गेलं आणि परत मिळायचं नाही.’

मी तेव्हा आठवीत होतो. मला आठवतं, मावशी शिरा करून घेऊन यायची, शेजारच्या काकू पाय चेपून द्यायच्या. आई रडली की सगळ्या म्हणायच्या, ‘होतं गं, मोठं ऑपरेशन आहे.’ तिला एकानेही विचारलं नाही की पस्तावा होतोय का. माझं सगळं म्हणणं खरं तर एवढ्यातच आहे. भूल, रक्तस्राव, तुटक झोप, कडक वेदनाशामक औषधं आणि मग ती अचानक कमी होणं, दुसऱ्याच्या हातून आंघोळ. यातून गेलेलं कुठलंही शरीर बिथरतं. बायपासवाल्याचं बिथरतं, बाळंतिणीचं बिथरतं. फक्त आमचं बिथरलं की त्याचा अर्थ लावला जातो.

मला आकडे पाठ होते. २०२१ मध्ये २७ अभ्यासांमधल्या, अशा प्रकारच्या शस्त्रक्रिया झालेल्या ७,९२८ ट्रान्स रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली गेली, तेव्हा पस्ताव्याचं प्रमाण सुमारे १ टक्का निघालं. (ज्यांना खरोखर पस्तावा होतो त्यांचंही ऐकलंच पाहिजे, हे मी मनापासून मानतो.) पण पावणेतीन वाजता टक्केवारी कामाला येत नाही. काय कामाला आलं ते सांगतो.

पहिलं म्हणजे ती छातीची आवळ. मला वाटत होतं हृदयाला काहीतरी झालंय. प्रत्यक्षात वेस्ट घट्ट, टाके दुखतात म्हणून मी वरवर श्वास घेत होतो, आणि वरवर श्वास घेतला की जीव आणखी घाबरा होतो. शिवाय इतकी वर्षं बाइंडर, म्हणजे छाती दाबून सपाट दाखवणारं घट्ट बनियन, घातलेला, त्यामुळे खोल श्वास घ्यायची सवयच मोडलेली. हॉस्पिटलने ते तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र दिलं होतं, नळीने हवा आत ओढून गोळ्या वर उचलायच्या. मी ते कोपऱ्यात टाकून दिलं होतं. फिजिओथेरपिस्ट ताईंनी फोनवर ते पुन्हा हातात घ्यायला लावलं आणि सांगितलं: पोटावर हात ठेव, पोट वर येऊ दे, आणि श्वास जितक्या वेळात घेतलास त्याच्या दुप्पट वेळात सोड. तीन-चार मिनिटांत धडधड उतरायची. दर वेळी नाही, पण बहुतेक वेळा.

दुसरं, फोन. रात्री मी परदेशातल्या मुलांचे फोटो बघत बसायचो. त्यांच्या गोऱ्या कातडीवरचे गुलाबी व्रण बघायचे आणि मग आरशात माझी सावळी, सुजलेली छाती. सातव्या दिवशी पट्टी उघडली तेव्हा स्तनाग्रं काळीठिक्कर दिसली आणि माझे पाय लटपटले. सर्जनने समजावलं की काढून पुन्हा बसवलेल्या त्वचेला सुरुवातीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, वरचा थर काळपट होतो आणि खपलीसारखा गळतो, खालून नवी त्वचा येते. तशीच आली. व्रण निवायला वर्षभर लागतं, आणि मी त्यांचा निकाल सातव्या दिवशी लावायला निघालो होतो. त्यानंतर फोटो दिवसातून एकदाच, सकाळी, खिडकीपाशी.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली. सर्जनला विचारून एका कागदाच्या दोन बाजू केल्या. एका बाजूला ‘लगेच फोन’: एकच बाजू अचानक टणक सुजली, ड्रेनमध्ये भराभर ताजं रक्त आलं, ताप १००.४ च्या वर गेला, पू किंवा घाण वास आला, दम लागला, एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली. दुसऱ्या बाजूला ‘सकाळपर्यंत थांब’: बधिरपणा, विजेसारखी चमक, खाज, दोन्ही बाजूंच्या सुजेत थोडा फरक, रडू येणं. हो, रडू येणंही लिहिलं. कागद उशीखाली ठेवला. तुमचा कागद तुमच्या सर्जनकडूनच भरून घ्या, माझा उतरवू नका. भीती वाटली की कागद काढायचा आणि बघायचं, ही कुठल्या बाजूची. बहुतेक वेळा दुसऱ्याच बाजूची असायची.

आता थोडं रागाने लिहितो. ऑपरेशनआधी दोन पत्रं, कितीतरी बैठका. ऑपरेशननंतर मन कसं आहे हे विचारायला एकही फोन नाही. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याच्या कलम १५ मध्ये सरकारवर जी कर्तव्यं टाकली, त्यात शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर समुपदेशन असं स्पष्ट लिहिलं होतं. ‘आधी’ची बाजू सगळे पाळतात, कारण ती फाटकासारखी वापरता येते. ‘नंतर’साठी मी स्वतःच शोधाशोध केली. एका रात्री टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन केला. मोफत आहे, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंना टॉप सर्जरी म्हणजे काय ते मला समजावून सांगावं लागलं, पण त्यांनी ऐकून घेतलं आणि मला घाईला लावलं नाही. त्या रात्री तेवढं पुरलं.

आईबद्दल आणखी एक. मी ट्रान्स असल्याचं सांगितल्यापासून दोन वर्षं ती माझ्याशी एका विचित्र मराठीत बोलत होती. ‘जेवलीस का’ म्हणवत नव्हतं, ‘जेवलास का’ जिभेवर येत नव्हतं. म्हणून ‘जेवण झालं का’, ‘झोप लागली का’, ‘निघणं कधी आहे’. मी त्यावर कधी बोललो नाही, तिचीही ओढाताण दिसत होती. ड्रेन निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी फडताळाच्या वरच्या कप्प्यातला डबा काढायला हात वर केला आणि ती स्वयंपाकघरातून किंचाळली, ‘अरे, हात वर करू नकोस!’ दोघंही गप्प झालो. मग तिने डबा काढून दिला, आणि मेतकूट-भात कालवायला गेली.

तुमच्यापैकी काहींची तारीख जवळ आलीय, मला माहीत आहे. तिघांनी मला कळवलंय. पहिल्या दोन आठवड्यांत सोबत कोण राहणार ते आत्ताच ठरवा, आणि त्या माणसाला आधीच सांगून ठेवा की मी रडेन, घाबरेन, चुकलो का असंही म्हणेन, तेव्हा फक्त शेजारी बस. सोबतीला कोणी नसेल तर मला मेसेज करा, रात्री तीनला केला तरी चालेल. ‘घाबरलोय’ किंवा ‘घाबरलेय’, एवढंच लिहा. नक्की ना, असं मी विचारणार नाही.